कुडगावची पाहणी आणि भडकासुराची तिसरी साखळी

एका राज्यात, जिथे राजाचे हुकूम पक्षी पोहोचवीत आणि असुरांना तांब्याच्या हंड्यांत कोंडून ठेवण्याची रीत होती, तिथे कुडगाव नावाचे चाळीस घरांचे एक गाव होते. भिंती कुडाच्या, छपरे गवताची, आणि माणसे अशी निवांत की छपरावर ठिणगी पडली तरी आधी तोंडातला विडा संपवतील.

या गावाच्या चावडीखाली भडकासुर पुरलेला होता. राजाच्या पणजोबांच्या काळी एका योगिनीने त्याला हंड्यात कोंडले, हंड्याला तीन साखळ्या घातल्या आणि वर शाप ठेवला, की गावचा अग्निपाल वर्षाच्या पाहणीत खोटा शब्द उच्चारील तर एक साखळी तुटेल, आणि तिसरी तुटली की भडकासुर मोकळा. हे सारे चावडीच्या खांबावर कोरलेले होते. त्या खांबाला बैल बांधत, म्हणून ते कोणी वाचत नसे.

नियमही तीनच होते. दारात पाण्याने भरलेला तांबडा डेरा असावा. कडब्याची गंजी घरापासून चाळीस पावले दूर असावी. चूल सोडताना निखारे राखेखाली झाकावेत. वर्षातून एकदा अग्निपालाने घरोघर फिरावे, सूर्यास्ताला चावडीवर उभे राहावे आणि गावच्या घरांविषयी ‘चोख’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक शब्द मोठ्याने बोलावा.

दोन वर्षांपूर्वी हा मान निंबाजीकडे आला. निंबाजी भला माणूस. सगळ्यांच्या बारशाला जाणारा, सगळ्यांच्या घरची चटणी वाखाणणारा. ‘नाही’ म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती, आणि गावाने हे पहिल्याच दिवशी ओळखले.

राजाने प्रत्येक घराला एकेक तांबडा डेरा दिला होता. पण रुंद तोंडाचे एवढे चांगले भांडे नुसत्या पाण्यासाठी अडकवून ठेवायचे कुणाच्याही जिवावर येई. कुणाच्या डेऱ्यात लोणचे मुरत होते, कुणाच्या डेऱ्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. पाण्याचे म्हणून सहाच उरले होते. मग पाहणीच्या दिवशी निंबाजी पुढच्या दाराने बाहेर पडला, की चार गडी तोच डेरा काठीला लटकावून मागच्या परसातून पुढच्या घरी पळवीत. त्यातल्या एकाच्या काठाचा टवका उडालेला होता. गेल्या वर्षी तो टवका निंबाजीला अकरा घरी भेटला. सातव्या घरी तर त्याने जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहून हसावे तसे त्याच्याकडे पाहिले होते. घरमालक मात्र धापा टाकत म्हणाला होता, “आमचा डेरा, बाबा. वडिलांपासूनचा.”

आणि संध्याकाळी निंबाजी चावडीवर उभा राहून म्हणाला होता, “चोख.”

तिसऱ्या पाहणीच्या सकाळी त्याने पागोटे बांधले, शिंग गळ्यात अडकवले आणि उंबरा ओलांडला, तोच एक साळुंकी येऊन पागोट्यावर बसली.

“अग्निपाल निंबाजी?”

“होय.”

“मी राजाची साळुंकी. दोन साखळ्या तुटल्या. तिसरी आज तुझ्या जिभेवर आहे.”

निंबाजी तडक चावडीवर गेला. फरशी गरम होती. गावच्या बायकांना हे दोन वर्षांपूर्वीच कळले होते, आणि त्यांना ते फारच सोयीचे वाटले होते. साऱ्या चावडीभर उडदाचे पापड वाळत घातले होते. निंबाजीने खांबाचा बैल सोडला, अंगरख्याने शेण पुसले आणि जन्मात पहिल्यांदा ती अक्षरे वाचली. चाळीस घरे. गवताची छपरे. आत म्हातारी माणसे, पाळण्यातली मुले, दावणीची वासरे. आणि हे सगळे आपल्या गोड बोलण्यावर टांगलेले.

“मी काय करू?” त्याने विचारले.

“सूर्यास्तापूर्वी तीन कामे,” साळुंकी म्हणाली. “गावचे सगळे डेरे एकाच वेळी पाण्याने भरलेले दिसावेत. गुणाप्पाशेठची गंजी हलावी. तिसरे काम सर्वांत जवळचे आहे, म्हणून शेवटी सांगेन.”

निंबाजीने शिंग फुंकले. सगळ्यांनी आपापला डेरा घेऊन दारात उभे राहावे, अशी आज्ञा केली. गाव हसले.

“आत्ता?” कोंबडीवाली भीमाक्का म्हणाली. “अठरा दिवस झालेत तिला बसून. तीन दिवसांनी या.”

“आमचं लोणचं हलवलं तर नासेल, बाबा,” दुसरी म्हणाली. “तुम्हीच खाता की पावसाळाभर.”

निंबाजी हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात चावडीकडून चर्र चर्र असा आवाज आला. वाळत घातलेले पापड आपोआप फुलू लागले होते. पाहता पाहता ते तांबूस झाले, मग करपले. फरशीच्या फटीतून एक घोगरा आवाज म्हणाला, “मीठ थोडे जास्त झाले आहे.”

मग भीमाक्काने कोंबडी काखेत मारली, अंडी पदरात घेतली आणि विहिरीकडे धूम ठोकली. शापाला भ्यायली नसती ती, पण सहाशे पापड डोळ्यांदेखत गेले होते. दुपारपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडे डेरे काठोकाठ भरून उभे राहिले. त्यांतल्या काहींच्या पाण्यावर मोहरीच्या फोडणीचा तवंग होता, तो साळुंकीने चालवून घेतला.

गुणाप्पाशेठ गावातली सर्वांत मोठी असामी. त्याची गंजी स्वैपाकघराच्या भिंतीला टेकून उभी होती, छपराहून हातभर उंच.

“शेठ, गंजी हलवा,” निंबाजी म्हणाला.

“आजोबांपासून इथंच आहे.”

“नियम आहे.”

“नियम गावासाठी असतात, निंबाजी. मी गावाला बैल देतो. बस, जिलबी तळायला टाकली आहे तुझ्यासाठीच.”

दर वर्षी निंबाजी इथे बसत असे. आज त्याच्या तोंडाला पाणी सुटले, तरी तो बसला नाही. “शेठ,” तो म्हणाला, “तुम्हीच बसा. गंजी आणि भिंत यांच्यामध्ये, भिंतीला पाठ लावून. जिलबीचे सगळे घाणे उतरेपर्यंत बसलात, तर मी पुन्हा या दारात येणार नाही.”

एवढे सोपे कोण सोडतो? शेठ पोट आत ओढून फटीत शिरला. भिंतीपलीकडे चुलीवर कढई होती आणि चुलीत बाभळीची लाकडे. पहिला घाणा उतरेपर्यंत त्याला घाम फुटला. दुसऱ्याला तो देवाचे नाव घेऊ लागला. तिसरा पडताना भिंतीच्या भेगेतून एक ठिणगी आली आणि त्याच्या धोतराच्या सोग्यावर बसली. गुणाप्पाशेठ एवढ्या चपळाईने बाहेर आला की त्याचा फेटा आतच राहिला. शेजारच्या डेऱ्यात बसल्या बसल्या तो ओरडला, “गंजी हलवा रे! चाळीस नको, ऐंशी पावलं न्या!”

सूर्य टेकडीला टेकला. सारे गाव चावडीभोवती जमले. निंबाजी दगडावर चढला. दोन कामे झाली होती, घरोघरच्या चुलीही त्याने राख उकरून पाहिल्या होत्या, आणि त्याचा ऊर भरून आला होता. आता शब्द तेवढा उरला होता.

“तिसरे काम?” त्याने हळूच विचारले.

साळुंकी त्याच्या खांद्यावर उतरली. “गावात घरे चाळीस. डेरे मी एकोणचाळीस मोजले.”

अग्निपालाच्या घरी पाहणीला जाणार कोण? त्याच्या घरचा डेरा माजघरात होता. दोन वर्षांत घरोघरच्यांनी प्रेमाने दिलेल्या कुरडया, सांडगे, पापड यांनी तो गळ्यापर्यंत भरलेला होता. आणि चूल? भल्या पहाटे त्याला कढत पाणी लागे, म्हणून सगुणा, त्याची बायको, निखारे कधी झाकतच नसे. विहीर दूर होती, सूर्य बुडत होता.

“बोला की, बाबा!” लोक ओरडले. “चोख म्हणा!”

फरशी तापली. खाली तिसरी साखळी ताणली गेल्याचा आवाज त्याने स्पष्ट ऐकला. कायदा त्याला पाठ होता: ज्या घराला ‘नाही’ आले, त्याची चूल महिनाभर विझलेली राहील. आणि समोर एकोणचाळीस घरची माणसे होती, ज्यांना आज त्याने दिवसभर पळवले होते. लाजेने त्याचे कान तापले.

“एकोणचाळीस घरे चोख,” तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “एक घर नाही. ते माझे.”

त्याच्या जिभेवर आलेला तो पहिला नकार होता.

त्या खऱ्या शब्दासरशी खाली काहीतरी खणखणले. एक साखळी जुळली, मग दुसरी. “अरेरे,” घोगरा आवाज म्हणाला, आणि फरशी माठासारखी गार पडली. कुणी हसले नाही. भीमाक्का डोळे पुसत होती, पण ते पापडांसाठी असेल.

निंबाजीने घरी जाऊन स्वतःच्या हाताने चुलीवर पाणी ओतले. तो महिना नवरा-बायकोने भिजवलेल्या पोह्यांवर आणि ताकावर काढला. लोक जेवणाची ताटे घेऊन येत, निंबाजी ती दारातूनच परत पाठवी. सगुणा महिनाभर त्याच्याशी मोजकेच बोलली. पहाटेच्या गार पाण्याने तो किंचाळे, तेव्हा मात्र ती माजघरात तोंडाला पदर लावून हसे.

पुढच्या वर्षी पाहणीच्या सकाळी निंबाजी शिंग घेऊन निघाला, तर सगुणा उंबऱ्यात आडवी उभी.

“कुठं निघालात?”

“पाहणीला.”

“मग आधी आत या,” ती म्हणाली. “डेरा बघा, चूल बघा. आणि बघताना माझ्याकडे बघून हसायचं नाही.”

निंबाजी न हसता आत गेला. त्याने डेऱ्यात कोपरापर्यंत हात घातला, राख उकरून पाहिली आणि परसात जाऊन पावले मोजली. सगुणा कमरेवर हात ठेवून वाट पाहत होती, आणि तिचा चेहरा किंचित घाबरलेला होता.

“चोख,” निंबाजी म्हणाला.

आणि काहीही झाले नाही. त्या राज्यात तेव्हापासून पाहणीचा आरंभ अग्निपालाच्या घरापासून होतो, आणि भडकासुर अजून हंड्यातच आहे.