हणमंताचं ताट

“आणि माणूस पळून गेला, तर ताटावरच्या नावाचं काय करता?”

केरूबाबा छिन्नी-हातोडी घेऊन स्टीलच्या ताटावर नाव घालत होते. सकाळी व्यसनमुक्ती केंद्रात आलेल्या नव्या माणसाचं.

एकेकाळी ते लग्नाच्या भांड्यांवर नावं घालत गावोगाव फिरायचे. मग गर्द ओढायला लागले. मग भांडी चोरायला लागले. स्वतःच नावं घातलेली भांडी चोरली, म्हणून लगेच सापडले. कोर्टानं तुरुंगाऐवजी उपचाराला इथं पाठवलं, ते परत गेलेच नाहीत. आता केंद्र तेच चालवत होते.

विचारणारे बर्वेसाहेब, निवृत्त न्यायाधीश. नोकरीत असताना हुकूम काढून माणसं इथं धाडायचे. स्वतः आज पहिल्यांदा आले होते. येताना निरोपसमारंभात मिळालेल्यांपैकी एक शाल आणली होती. बाबांनी ती घडी करून ताटाखाली घेतली.

“बरं झालं. ठोकताना आवाज कमी होतो.”

बाबांनी ताट फिरवून पुढचं अक्षर धरलं.

“नाव खोडता येत नाही, साहेब. म्हणून तर पहिल्याच दिवशी घालतो.”

“पण त्याची इच्छाच नसेल तर? कोर्टानं धाडलं म्हणून आलेला माणूस...”

“इच्छेनं कोण येतंय? तुम्ही आलात?”

साहेबांना बायकोनं धाडलं होतं. रात्र रात्र ते पंख्याकडं बघत पुटपुटायचे. शेवटी ती म्हणाली होती, “पंखा काय सांगणार? ज्यांना विचारायचं त्यांना जाऊन विचारा.”

“इथं एक हणमंत ढोले होता,” साहेब म्हणाले.

“होता.”

“नव्वद दिवस उपचार. मध्ये एकदा जरी नशा केली, तर तुरुंग. असा माझा हुकूम होता. एक्क्याऐंशीव्या दिवशी त्यानं केली.”

“केली.”

“कुणाला कळलंही नव्हतं. स्वतःच कोर्टात येऊन उभा राहिला. म्हणाला, साहेब, घसरलो, पण परत तिकडंच पाठवा. मी त्याची कबुली लिहून घेतली आणि आत पाठवला. दोन ओळींचा हुकूम, बाबा. तिसऱ्या महिन्यात तुरुंगात वारला.”

हातोडी थांबली होती.

“कोर्टात जा, असं मीच त्याला सांगितलं होतं,” बाबा म्हणाले. “खरं बोललास तर साहेब समजून घेतील, म्हणालो.”

“चूक कुणाची, बाबा? तुम्ही सांगाल ते मान्य करीन.”

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

पंगत बसली. प्रत्येकापुढं ज्याचं त्याचं ताट. बाबांनी साहेबांपुढंही एक ठेवलं. भात, आमटी, कांदा. साहेबांनी काठावरचं नाव वाचलं आणि हात मागं घेतला.

“मला दुसरं द्या.”

“मोकळं तेवढंच आहे.”

बाबा समोर बसले. त्यांच्यापुढं ताट नव्हतं. तळहातावर भाकरी, भाकरीवर कांदा.

साहेबांचा पहिला घास बराच वेळ तोंडात फिरला. पण जेवले. पानात काही ठेवलं नाही.

इथं ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं. घरी साहेबांनी ताट कधी उचललंही नव्हतं. ते मोरीवर बसले, बाह्या सारल्या. मधला भाग लवकर निघाला. काठ मात्र ते घासत राहिले. पंगतीतली माणसं आपापली ताटं मांडणीत लावून गेली, तरी घासत राहिले.

“घासून जायचं नाही ते,” मागून बाबा म्हणाले.

साहेबांचा हात थांबला. नळ वाहत होता. बाबांनी तो बंद केला.

“कुठं ठेवू?”

बाबांनी मांडणीतली मोकळी जागा दाखवली. साहेबांनी ताट पुसून तिथं उभं केलं.

“बाबा, मी विचारलं त्याचं...”

बाबा ताटाकडं बघत होते.

“चार वर्षं त्यात मी जेवतोय, साहेब... उद्या बाराला जेवायला या.”