पाण्यातली पाखरं

पाय पांघरुणात घ्या आधी. आणि मध्येच कोणी 'पुढं काय' विचारलं, तर गोष्ट तिथंच थांबेल, सांगून ठेवते.

एक होता राजा, खाडीकाठचा. राज्य एवढंसं, पण खाडी लांबच लांब. त्याला एकच लेक, शिंपली. तिची आई देवाघरी गेली आणि पोरीनं बोलणंच टाकलं. वैद्य झाले, मांत्रिक झाले. सगळे गूळ-खोबरं खाऊन गेले, पोर मुकी ती मुकीच. राजा नुसता झुरायचा.

मग एक दिवस राजानं तिला होडीत बसवलं. होडी धाकू नावाड्याची. त्या खाडीत एक रीत होती, बरं का. वळण आलं, दोन्ही काठांना खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या तिवरांची झाडी लागली, की वल्ही वर उचलायची. होडी भरतीच्या पाण्यावर आपली आपण जाऊ द्यायची. ते पाखरांचं घर. दुसऱ्याच्या घरात कोणी पाय आपटत शिरतं का? धाकूनं वल्ही उचलली. होडी गपगुमान झाडीत शिरली. फांदीवरून एक निळा खंड्या पाण्यात पडला आणि चोचीत मासा घेऊन वर आला. शिंपली म्हणाली, "खंड्या." एवढंच. राजा होडीतच रडला.

दुसऱ्या दिवशी पाणमांजरं दिसली. आई पुढं, पिल्लं मागं, सगळ्यांच्या मिशा ओल्या. शिंपली खुदकन हसली आणि एकेकाला नाव देत बसली. तिसऱ्या दिवशी बगळ्यांचा थवा झाडीत उतरला. हिनं मान उंचावली, वाकली, उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, झाडांमुळं नीट दिसत नाही."

आता बाप तो. मुकी लेक काही मागते म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? उजाडताच कुऱ्हाडी लागल्या. धाकूनंही चालवली हो. त्यालाही वाटलं, पोरीला बरं दिसेल. आंधळी माया ती. संध्याकाळपर्यंत दोन्ही काठ बोडके झाले. पाखरं उठली, वर घिरट्या घालत राहिली, आणि गेली. पाणमांजरंही गेली. मागं चिखल तेवढा राहिला.

शिंपलीचं तोंड पुन्हा मिटलं. राजाला तिला तिकडं न्यायचा धीर होईना, पण तीच जाऊन होडीत बसली. मग निघाले. वळण आलं. धाकूनं सवयीनं वल्ही उचलली, आणि नवल बघा. काठावर काही नव्हतं, पण पाण्यात सगळं होतं. झाडी होती, बगळे होते, खंड्या होता, पाणमांजरं होती. खाडीनं त्यांचं रूप पोटात ठेवून घेतलं होतं. शिंपली वाकून बघत राहिली, बोलत राहिली. पण परत फिरताना धाकूचं वल्हं पाण्याला लागलं. तरंग उठला, विरला, आणि तिथं पाणमांजरं नव्हती. जे मोडलं ते मोडलं.

दुसऱ्या खेपेला वल्हं लावलंच नाही. भरतीनं गेले, ओहोटीनं परत आले. पण राजाचं मन भरून आलं. डोळ्यांतलं पाणी खाडीत पडलं, आणि सगळे बगळे मोडले. रडायचीसुद्धा चोरी झाली बिचाऱ्याला.

तिसऱ्या खेपेला एकटा खंड्या उरला होता. शिंपली त्याच्याशी आईच्या गोष्टी बोलत होती, अशा की राजालाही माहीत नव्हत्या. त्या नादात ओहोटी कधी लागली, कुणाला कळलं नाही. त्या दिवशी ओढ भलतीच होती. होडी खाडीच्या तोंडाकडं, समुद्राकडं निघाली, आणि खंड्याही पाण्यातून तिच्या कडेकडेनं निघाला. पुढं लाटा फुटत होत्या. वल्हं घालावं तर खंड्या मोडतो, न घालावं तर होडी बुडते. धाकूचे हात उठेनात. तो राजाकडं बघत बसला.

"बाबा, वल्हं नको," शिंपली म्हणाली.

राजानं धाकूच्या हातून वल्हं घेतलं आणि पाण्यात घातलं.

होडी वाचली. पोर वाचली. पण पुन्हा ती कधी बोलली नाही.

मग राजानं मुकुट ठेवला आणि चिखलात उतरला. तिवराचं बी वेचायचं आणि रोवायचं, हेच करत बसला. धाकूही त्याच्यासोबत उतरला. तिवर म्हणजे काय मेथी आहे, आज पेरली उद्या खुडली? अर्धी रोपं पाण्यानं नेली. उरलेली गुडघ्याएवढी झाली, तोवर राजा म्हातारा होऊन गेला. शेवटी त्यानं लेकीचा हात धरला होता. ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होता. तिचे ओठ हलले, पण आवाज नाही फुटला.

शिंपली अजून होडी काढते म्हणतात. वळणाशी आली की वल्ही उचलते. तिथं कुणी नसतं, तरी उचलते.

हां, आता विचारणार तुम्ही, मग सगळे सुखात राहिले ना? राहिले की. पाखरं जिथं गेली, तिथं सुखात राहिली. तुम्ही झोपा.