टेकडीवर पळून आलेलं गाव

फार फार जुन्या काळची हकिकत. एका टेकडीवर एक लहानसं गाव होतं.

या गावाचे पूर्वज आधी खाली नदीकाठी राहत. तिथे तापाची साथ आली, तेव्हा धडधाकट माणसं आजाऱ्यांना टाकून टेकडीवर पळून आली. मागे राहिलेल्यांच्या तोंडात पाणी घालायलाही कुणी उरलं नाही. दर वर्षी देवीच्या जत्रेत ठकूआजी हे सगळ्यांना ऐकवी. तिच्याआधी तिची सासू ऐकवत असे. ऐकताना माना खाली जात.

पुढे गाव भरभराटलं. नव्या पाटलाला ही हकिकत खुपू लागली. पाहुण्यारावळ्यांसमोर आपल्याच वाडवडिलांची बेअब्रू कशाला?

तो म्हणाला, "आजी, आता ते पुरे. देवीनं दृष्टान्त दिला आणि वाट दाखवून आपल्याला इथं आणलं, असं सांगा."

"देवीनं नाही रे बाबा, भीतीनं आणलं."

"मग काहीच सांगू नका."

आजीने सांगणं थांबवलं, आणि जत्रेत पाटीलच दृष्टान्ताची गोष्ट सांगू लागला. वर्षं गेली. मुलं मोठी होऊन संसाराला लागली. दृष्टान्ताची गोष्टच त्यांना खरी वाटू लागली.

एका उन्हाळ्यात पाटलाच्या लेकीला ताप भरला. पाठोपाठ शेजारची घरंही आजारी पडली. वैद्याला आणायला पाटील बाहेर आला, तर गल्लीत गाड्या जुंपलेल्या! ज्यांची लग्नं त्याने उभं राहून लावली, तेच भांडीकुंडी भरत होते.

"अरे, कुठे निघालात? माझी पोर आत तळमळतेय!"

एक तरुण खाली बघत म्हणाला, "पाटील, देवीनं तेव्हा वाट दाखवली, आताही दाखवील." आणि त्याने बैल हाकले.

पाटील घरात परतला, तर कंबरेत वाकलेली ठकूआजी लेकीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती.

"आजी, तुम्ही तरी जा. तुम्हालाही ताप लागेल."

"मागे राहिलेल्यांची गोष्ट इतकी वर्षं सांगितली मी. आता यांना टाकून कशी जाऊ?"

मग पाटीलही उठला. पाण्याची घागर घेऊन तो आजारी घरं फिरू लागला. काही वाचले, काही गेले. त्याची लेक वाचली. आजी मात्र त्याच तापात गेली.

साथ ओसरल्यावर माणसं परतली आणि पाटलाच्या दारात शरमून उभी राहिली. पाटील म्हणाला,

"तुम्हाला काय बोलू? पळून जाणं म्हणजे काय, हे सांगणारी होती. तिचं तोंड मीच बंद केलं."

वाडवडिलांची चूक झाकल्याने पुसली जात नाही. ती लेकरांच्या हातून पुन्हा घडते.