जहाल म्हणजे काय?

सोनगिरी संस्थानातली मुलींची शाळा बंद करून तिथे पाहुण्यांसाठी बंगला बांधायचं दिवाणांनी ठरवलं. शाळेत नऊ वर्षं शिकवणाऱ्या अंबुताई खांबेटे यांनी त्याविरुद्ध पुण्याच्या एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. संस्थानात आलेल्या सगळ्या प्रती जप्त झाल्या आणि अंबुताईंना दरबारात उभं केलं.

"ही बाई जहाल आहे, सरकार," दिवाण म्हणाले. "हिला हद्दपार करण्याचा हुकूम व्हावा."

महाराजांनी विचारलं, "जहाल म्हणजे नेमकं काय हो? आम्ही तर मिरचीला जहाल म्हणतो."

दिवाणांना आपल्या अरबी-फारसीचा भारी अभिमान. ते खुलले. "शब्द मूळचा अरबी, सरकार. जह्ल म्हणजे अज्ञान. तेव्हा जहाल म्हणजे निव्वळ अडाणी माणूस!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. अंबुताईंच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना घेऊन जायचं कुठे? तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "हुकूम मान्य आहे, सरकार. फक्त दिवाणसाहेबांनी सांगितलेला अर्थ त्यात लिहावा. एका अडाणी बाईच्या लेखाला उत्तर सुचेना, म्हणून तिला हद्दपार केलं, असं."

महाराज खो खो हसले. कारकुनाने टाक उचलला, तोच दिवाणांनी त्याचा हात धरला.

"मग लेखाला उत्तर तरी द्या," महाराज म्हणाले.

ते दिवाणांना त्या दिवशी सुचलं नाही, पुढेही नाही. शाळा होती तिथेच भरत राहिली.