दोर कापणारी रेवा

पूर्वी गंगेकाठच्या एका नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होता. वयाने पिकलेला, आवाज न चढवता बोलणारा.

त्या नगरात मल्लक नावाचा नावाडी होता. जाळी विणणाऱ्यांची पोर रेवा एकदा तापाने फणफणलेल्या आईला घेऊन त्याच्या घाटावर आली. वैद्य पलीकडच्या काठावर राहत असे. "हा रोग माझ्या नावेत नको," म्हणत मल्लकाने दोघींना हाकलले. दुसऱ्या दिवशी आई गेली.

रेवेने विळा उचलला आणि भर दुपारी मल्लकाच्या नावेचा दोर कापला. नावेत त्याचा धाकटा भाऊ सोण झोपला होता. नाव प्रवाहात वाहत जाऊन खडकावर आपटली. सोण वाचला, पण एका पायाने कायमचा अधू झाला.

नावेचा दोर कापणाऱ्याचा उजवा हात तोडावा, असा त्या राज्याचा कायदा होता. रेवेला सभेत आणले; मल्लक आणि सोणही तिथे होते. तिला अजून पंधरावे लागले नव्हते.

"नावेत माणूस आहे हे तुला माहीत होतं का?" बोधिसत्त्वाने विचारले.

"नव्हतं," रेवा म्हणाली. मग म्हणाली, "पण माहीत असतं, तरी तेव्हा मी कापलाच असता."

सभेत कुजबुज उठली. राजा म्हणाला, "अमात्य, हिनेच आपल्या तोंडाने निकाल दिला."

"महाराज, ती 'तेव्हा' म्हणाली. तेही ऐकावं." मग तो तिच्याकडे वळला. "आणि आज?"

रेवेने सोणच्या पायाकडे पाहिले. ती खाली बसली आणि रडू लागली.

बोधिसत्त्व राजाला म्हणाला, "हात तोडला तर तो परत फुटत नाही, महाराज. हिचं मन मात्र अजून वाढतं आहे. सोणच्या जागी हिने वर्षभर वल्हं मारावं. आणि मल्लका, यापुढे कोणत्याही आजारी माणसाला तू नावेत न घेता घाटावर सोडायचं नाहीस."

मल्लक उसळला. "ही मला मधोमध बुडवील!"

"मग मी रोज पहिल्या खेपेला तुझ्या नावेत बसेन. ती पळाली किंवा तिने कोणाला इजा केली, तर माझा हात तोडावा."

राजाला हे आवडले नाही, पण त्याने ते मान्य केले.

पहिला महिना सरण्याआधीच रेवा पळाली. मल्लक कोणाला सांगायच्या आत बोधिसत्त्वानेच राजाला निरोप धाडला आणि स्वतः घाटावर जाऊन बसला. "सूर्यास्तापर्यंत वाट पाहू," असा राजाचा उलट निरोप आला. शिपाई येऊन उभे राहिले. दिवस कलला तेव्हा धुळीने माखलेली रेवा रस्त्याने धावत येताना दिसली.

"मी पळाले होते, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "मामाच्या गावापर्यंत गेले. तिथं ताटावर बसले, पण घास उचलवेना. माझ्यापायी तुमचा हात जाणार, हेच डोळ्यांपुढे येत होतं."

बोधिसत्त्वाने तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे उपाशीच आहेस?"

शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. मल्लक घरात गेला आणि भाकरी घेऊन आला.

त्यानंतर ती पळाली नाही. काठावर बसून सोण तिला पाणी वाचायला शिकवी: भोवरा कुठे दबा धरतो, वाळू कुठे सरकते. आधी तो रागाने शिकवी. पुढे राग कधी संपला, ते त्यालाही कळले नाही.

वर्ष संपले. राजाने सभेत विचारले, "हिला आता मोकळी करू?"

सोण काठी टेकत पुढे आला. "मोकळी करा, महाराज. पण तिला विचारा, दुसरी नाव चालवशील का? आम्ही ती बांधायला घेतली आहे. तिच्यासाठीच."

रेवेने होकारार्थी मान हलवली. मग राजाने आज्ञा केली की सोळा वर्षांखालच्या कोणाही अपराध्याचे अवयव यापुढे तोडू नयेत. ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर बसवून, त्याचे दुःख ऐकवून, मगच शिक्षा ठरवावी.

विहारात जमलेल्या भिक्षूंना इतके सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, ज्या कोवळ्या श्रामणेरीला, नुकत्याच संघात आलेल्या या मुलीला, आज तुम्ही विहाराबाहेर काढू पाहता, तीच तेव्हाची रेवा. तिच्या हातून दुखावला जाऊनही जो भिक्षू तिच्यासाठी विनवणी करतो आहे, तो सोण. तिला पहिल्यांदा दूषण देणारा मल्लक. निर्णय ज्याच्या हाती आहे, तो तुमचा ज्येष्ठ भिक्षू, हा स्थविर, म्हणजे सुयाम राजा. आणि तो अमात्य मीच होतो. चुकलेल्याला वाढायला अवधी देणं आणि त्या अवधीचं ओझं आपण उचलणं, ही करुणेची पारमिता, तिची परिपूर्णता."

स्थविर उठला, दाराशी उभ्या असलेल्या त्या श्रामणेरीजवळ गेला आणि म्हणाला, "आत ये, बाळ."