खडकवणच्या बारवेत घागर बुडवत नाहीत

थांबा साहेब, बाटली अशी बुडवू नका. बुडबुडे काढत पाणी भरायचं नाही इथं. तोंड धुवायचं असेल तर ओंजळीनं वरचं वरचं घ्या. ती पलीकडची बाई बघा, घागर पायरीवर ठेवून वाटीवाटीनं भरतेय. घरी चूल पेटलेली असली तरी ती अशीच भरणार. खडकवणची ही रीत आहे आणि ती बाहेरच्या निळ्या पाटीवर लिहिलेली नाही. पाटीवर एवढंच आहे की स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे आणि नासधूस केली तर दंड होईल.

आणि ताई, लेकीला सारख्या हाका मारू नका. तिला उतरायचं नसेल तर बसू द्या वर. फोटोत एक माणूस कमी आलं म्हणून काही बिघडत नाही. तुमचा दिवस भरगच्च आहे, मला ठाऊक आहे. सकाळी डोंगरावरची देवी झाली, आता बारव, मग धरणावर बोट आणि जाताना फाट्यावरचे पेढे. इथं येणाऱ्या सगळ्यांचं असंच असतं. पण सावलीला टेकलाच आहात, तर ही बारव कशी झाली ते ऐकून जा.

असं सांगतात, की त्या काळी पावसानं या मुलखाकडे पाठच फिरवली होती. नदीत वाळू उरली, विहिरींत दगड उरले. गावच्या देशमुखानं बारव खोदायला घेतली आणि भीमेपलीकडून हैबती नावाचा पाथरवट बोलावला. त्याच्याबरोबर त्याचे दोन भाऊ होते. तिघांनी गावची माणसं हाताशी धरून खडक फोडला, पायऱ्या घडवल्या, कोनाडे कोरले. तुम्ही ज्या कमानीचा फोटो काढलात ती त्यांच्याच हातची. घर सोडून फार दिवस झाले होते. हैबतीची धाकटी लेक हौसा, तो निघाला तेव्हा रांगत होती म्हणे.

शेवटी तळाशी एकच कातळ उरला. हैबतीनं हातोडा लावला आणि आतला आवाज ऐकला. पाणी पलीकडेच होतं. तेव्हाच घाव घातला असता तर सगळं पार पडलं असतं. पण पाथरवटांत अशी पद्धत होती म्हणतात, की पाण्याचा शेवटचा घाव घरच्यांच्या देखत घालायचा. हैबतीनं घरी सांगावा धाडला, सगळे या, आमचं काम बघायला या. आणि गावाला सांगितलं, कातळ फार टणक आहे, अजून वेळ लागेल. वर माणसं चिखल पिळून पाणी पीत होती, तरी तो खोटं बोलला. प्रेमापोटी बोलला, पण खोटंच ते.

तेवढ्या दिवसांत पाणी कातळामागं साचत गेलं, दाटत गेलं. ते कुणाला दिसत नव्हतं.

मग गाड्या आल्या. हैबतीची म्हातारी आई आली, बायको ठकू आली, दोन भावजया आल्या, झाडून सगळी पोरं आली. दिवस तुमच्यासारखाच घालवला त्यांनी. आधी डोंगरावर जाऊन देवीचं दर्शन घेतलं, आमराईत भाकरी सोडल्या, पोरांनी सुरपारंब्या खेळून घेतल्या आणि मग सगळे बारवेवर आले. ठकूला वाटेतच कावळा शिवला होता. तळाशी पूजा व्हायची होती, म्हणून सासूनं तिला वरच्या दगडावर बसवलं. बाकीचे उतरायला लागले, तर हौसा आईचा पदर सोडेना.

"मला न्हाई जायचं खाली. मी तुझ्यापाशी बसते," ती म्हणाली.

"जाय गं. बा तुझी वाट बघायलाय," ठकू म्हणाली. "एवढं पाणी बघून ये, मग बस माझ्यापाशी."

पोर तरीही रडत होती. ठकूनं तिच्या मुठीतून पदर सोडवून घेतला आणि तिचा हात चुलतीच्या हातात दिला.

खाली घाव पडला. वर ठकूला आधी जल्लोष ऐकू आला, मग गडगडाट. कातळ फुटला तो एकट्यानं नाही, खालची सगळी भिंत घेऊन आला. दगड कोसळले आणि त्यांच्यावर पाणी चढलं. पायरीमागून पायरी बुडत गेली. गावानं लांबून पाण्याचा आवाज ऐकला आणि हलग्या वाजवत धाव घेतली. ठकू ओरडत होती, पण हलग्यांपुढं तिचा आवाज कुणाला कळला नाही. कळला तेव्हा वर यायला कुणी उरलं नव्हतं.

"मोटा लावा," ती देशमुखाच्या पाया पडली. "एवढं पाणी उपसा. दगडाखाली माझी माणसं हायेत. माझी पोर काढून द्या."

देशमुख वाईट माणूस नव्हता असं सांगतात. त्याच्याही डोळ्यांना धार लागली. पण मागं अख्खं गाव उभं होतं, कोरड्या ओठांचं. तो म्हणाला, "मिरग बरसू दे बाई. मग उपसू. माझा शब्द हाय."

त्या दिवशी कुणी पाण्याला शिवलं नाही. दुसऱ्या दिवशी एक लेकुरवाळी घागर घेऊन आली आणि ठकूकडे न बघता पायऱ्या उतरली. ठकू तळतळाट देईल, पाण्यात किडे पडतील म्हणेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तळतळाट दिला असता तर बरं झालं असतं, गावाला एक दिवस तो फेडता तरी आला असता. ठकू एवढंच म्हणाली, "भर माय. पण घागर खोल घालू नको. माझी हौसा खाली हाय, तिला लागंल."

त्यानंतर जी जी आली तिला ती हेच सांगत राहिली.

मिरग बरसला. बारव काठोकाठ भरली आणि भरलेली बारव उपसणार कशी, असा प्रश्न निघाला. उन्हाळा आला तेव्हा गावात दुसरं पाणीच नव्हतं, हातचं पाणी ओतून द्यायचं कसं? पावसाळ्यात उपसता येईना आणि उन्हाळ्यात उपसवेना. देशमुख गेला, त्याचा मुलगा आला, त्यानंही शब्द दिला. गावानं ठकूला भाकरीला कमी केलं नाही, अंगावर लुगडं घातलं, सणाला गोड दिलं. मागत होती तेवढं मात्र दिलं नाही. तीही तेच पाणी प्यायची. दुसरं होतंच कुठं? त्याच दगडावर ती म्हातारी झाली आणि तिथंच गेली.

ती गेल्यावर काही वर्षांनी एकदा बारव खरोखर आटली, असं आजोबा सांगायचे. गाळात दगडांचा ढीग उघडा पडला. चार माणसांनी दोन दिवसांत हलवला असता. गाव काठावर उभं राहून बघत होतं. आता कुणासाठी काढायचं, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. वळीव पडला आणि ढीग पुन्हा बुडाला.

आजही आमच्या लेकीसुना इथं घागर बुडवत नाहीत. नवी नवरी आली की तिला पहिली ही रीत शिकवतात, आणि तुमच्यासारखे पाहुणे ऐकून म्हणतात, किती मायेचं गाव आहे. मीही आयुष्यभर हे अभिमानानं सांगत आलो. अलीकडे सांगवत नाही. ठकूनं आमच्याकडे रीत मागितली नव्हती साहेब. तिनं पोर मागितली होती, आणि ती अजून खालीच आहे.