मुरघासाची जाळी

गावात मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून मुरवलेला हिरवा चारा, नवानवाच आला होता, तेव्हाची ही गोष्ट. भिवाअण्णांच्या गोठ्यातला विळा मुरघासाचा गठ्ठा फोडताना आधी प्लास्टिक चिरायचा, मग आत चाऱ्याभोवती गुंडाळलेली प्लास्टिकचीच जाळी सोडवून बाजूला काढायचा. तोवर ढवळी गाय भुकेनं हंबरत राहायची.

एके दिवशी अण्णांनी यंत्र आणलं. ते विळ्याला म्हणालं, "मी अख्खा गठ्ठा क्षणात बारीक करतो."

"आणि जाळी?"

"तीही बारीक होते. दिसतसुद्धा नाही."

अण्णांनी विळा खुंटीला टांगला.

"विळेदादा, आता वाट बघायला नको!" ढवळी म्हणाली.

"बाई, जपून खा गं." पण तिचं तोंड केव्हाच गव्हाणीत गेलं होतं.

जाळीचे तुकडे पोटात साचत गेले. ढवळीचं रवंथ थांबलं आणि एका सकाळी ती उठलीच नाही. अण्णांनी विळा खाली काढला, तो तिच्या गळ्यातलं दावं कापायला. विळ्याला आपली धार नकोशी झाली.